पट्ट्या, कापड, मागची बाजू

थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर त्याची वाचाही गेली. उरला एकच शब्द, "बरं". भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. फर्निचर दुरुस्तीचं दुकान एकट्या धाकट्याच्या गळ्यात पडलं. हात त्याचाही चांगला होता, पण अवघड काम आजवर दादाच अंगावर घ्यायचा.

थोरल्याला काम करता करता फोटो काढायची खोड होती. तीन फोन झाले, फोटो झाले एकवीस हजार. खुर्च्यांचे मोडके पाय, दात पडलेली लेक, विजेच्या मीटरचा आकडा, सगळी सरमिसळ. वहिनीने ते सारे कॉम्प्युटरवर उतरवले. रोज दुपारी नवऱ्याचं औषधपाणी आटोपलं, की ती एकेका फोटोला शब्द जोडत बसायची. खुर्ची. पाय. सांधा, उघडलेला.

"वहिनी, डोळ्यांच्या खाचा होतील हो," धाकटा म्हणाला.

"होऊ देत, भावोजी. इतकी वर्षं तुम्हा भावांच्या कामाला नावं ठेवली, आता फोटोंना ठेवते."

मग तिने त्याला दाखवलं. "हा आपोआप भरणारा अल्बम. एकदा नियम सांगायचा, की 'सांधा' आणि 'उघडलेला' हे दोन्ही शब्द असतील ते सगळे इथे. उद्या आणखी एखाद्याला हेच शब्द जोडले, की तोही येऊन बसतो. मी बोटही लावत नाही."

धाकट्याने मान डोलावली. बिचारीचा वेळ तरी जातोय, असं त्याला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात एका वाचनालयातून लिहायचं जुनं टेबल आलं. त्याचं झाकण अरुंद लाकडी पट्ट्यांचं, मागून कापडावर चिकटवलेलं, दुकानाच्या शटरसारखं वर सरकणारं. कापड कुजलं होतं. धाकट्याने नवं लावलं, तर झाकण वळणावर येऊन अडकलं. सोडवून पुन्हा लावलं, पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा एक पट्टीच मोडली.

दादाने असं झाकण पूर्वी केलं होतं, एवढं त्याला आठवत होतं. तो आत जाऊन दादासमोर बसला. "दादा, कुठे चुकतंय?" थोरला डाव्या हाताने हवेत काहीतरी वाकवून दाखवू लागला. "बरं, बरं, बरं!" धाकट्याला काही उमगेना. शेवटी थोरल्याने हात मांडीवर आपटला आणि तोंड फिरवलं.

वहिनी दारातून बघत होती. "भावोजी, ते झाकण पट्ट्यांचं ना? आणि बिघाड मागच्या बाजूला?"

"हो. कापडाच्या बाजूला."

तिने कॉम्प्युटरवर नवा नियम लिहिला: पट्ट्या, कापड, मागची बाजू. क्षणात अकरा फोटो गोळा झाले. चार एका टेबलाचे, सात वेगळ्याच वर्षी केलेल्या कपाटाचे. मध्ये हजारो फोटोंचं अंतर.

सातव्या फोटोपाशी धाकटा थबकला. ओल्या डिंकाचं झाकण पाण्याच्या पिंपावर वाकवलेलं होतं, कापड आत आणि पट्ट्या बाहेर. वाकल्यामुळे पट्ट्यांमधल्या फटी उघडल्या होत्या. पुढच्या फोटोत दादा त्याच फटींतून पातळ पत्र्याने डिंक खरवडून काढत होता. धाकट्याने झाकण सपाट ठेवून वाळवलं होतं. फटींत उतरलेला डिंक तिथेच दगड झाला होता.

"अहो वहिनी, तुम्हाला हे कळलं कसं?"

"मला कुठे काय कळलं? दिसलं ते लिहिलं."

पण धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. त्यातला एकही फोटो त्याच्या हाती लागला नसता, आणि लागला असता तरी मीटरच्या आकड्यासारखा पुढे सरकवला असता. हिने मात्र न कंटाळता प्रत्येकापाशी थांबून नीट पाहिलं होतं.

धाकट्याने मोडकी पट्टी बदलली आणि कापड पुन्हा लावून झाकण तसंच पिंपावर वाकवलं. तिसऱ्या दिवशी ते एका बोटाने वर गेलं. थोरल्याने ते स्वतः चारदा वरखाली करून पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला.

तेव्हापासून दुपारी कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या असतात. वहिनी फोटो उघडते, शब्द सुचवते. चुकला तर थोरला मान हलवतो आणि फोटोत कुठे बघायचं ते डाव्या बोटाने दाखवतो. एकवीसपैकी चौदा हजार फोटो झालेत. अवघड काम आलं की धाकटा पटाशी खाली ठेवतो आणि आधी त्या दोघांच्या मागे जाऊन उभा राहतो.