सेल्विनच्या पुस्तकाच्या तीन प्रती

आमच्या सेल्विनला लाज म्हणून नाही. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, रंगाच्या कारखान्यात मुकादम, आणि दर तीन आठवड्यांनी एकाहत्तर वर्षांच्या आईला चढावरच्या वाचनालयात पिटाळतो. कशाला, तर त्याचंच पुस्तक घरी आणायला. घरात त्याच पुस्तकाच्या सहा प्रती धूळ खात पडल्यात, तरी.

निमित्त झालं त्या नव्या कायद्याचं. वाचनालयातून लोक पुस्तक फुकट नेतात, मग लिहिणाऱ्यानं काय खायचं, म्हणून लेखक मंडळी वर्षानुवर्षं सरकारशी भांडली. आता पुस्तक जितक्या वेळा नेलं जाईल, तितक्या वेळचे पेन्स सरकारनं लेखकाला द्यायचे. मला ते पटलं. मी कोवळ्या वयात गिरणीत मागावर उभी राहिले. केल्या कामाची मजुरी मिळायला हवी, एवढं कळायला शाळा लागत नाही.

पण सेल्विनचा जीव त्या पेन्सांत नव्हता. त्याचं दुसरं पुस्तक लिहून तयार होतं, आणि प्रकाशक म्हणत होता, पहिलं लोक वाचतात असं दिसू दे, मग बघू. सरकारचा आकडा आला की तो प्रकाशकापुढे टाकायचा, असा याचा बेत.

"आई, तुझं कार्ड नुसतं पडून असतं," तो म्हणाला.

"तुझं डोकंही," मी म्हटलं. पण गेले.

वाचनालयात तीन प्रती. एक मी न्यायची, एक सूनबाई नोरीननं, एक तिच्या बहिणीनं, थेल्मानं. मुदत भरली की मी परत केलेली थेल्मानं उचलायची, तिची नोरीननं. दर वेळी आत तारखेचा नवा शिक्का. असं वर्षभर.

"आई, मला आता पाठ झालंय," नोरीन एकदा म्हणाली.

"इतक्यांदा वाचलंस?"

"मागच्या बाजूचा नवऱ्याचा परिचय. पुढे गेले नाही."

मी मात्र वाचलं. ओळीखाली बोट धरून वाचायला तीन महिने लागले. गिरणीतल्या संपाचं प्रकरण आलं तेव्हा चहा समोर गार झाला. हे मी सेल्विनला सांगितलं नाही. आधीच शेफारलेला.

गेल्या मंगळवारी वाचनालयातल्या मिस एन्टविसलनं शिक्का हातातच धरला. "मिसेस हॉलरॉइड, राग मानू नका, पण तुम्ही सगळ्या हेच पुस्तक का नेता?"

"मोजणीत यावं म्हणून," मी सरळ सांगितलं. "कायदा झालाय ना."

तिनं शिक्का खाली ठेवला. "अहो, मोजणी साऱ्या देशात सोळाच ठिकाणी होते. त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. आपलं वाचनालय त्यात नाही. हे शिक्के माझ्याखेरीज कुणी बघत नाही."

"हे लेखकांना कळवलं नव्हतं?"

"नावनोंदणीचं पत्रक पाठवलं होतं. दुसऱ्या पानावर आहे."

सेल्विननं पहिल्या पानावर आपलं नाव लिहिलं असणार आणि तिथंच थांबला असणार. मी पिशवी उचलली, तर ती म्हणाली, "मिस्टर डकवर्थ मात्र हिरमुसले. जुने विणकर. चार महिने दर शनिवारी येऊन फळीवर हे पुस्तक शोधायचे. म्हटलं, नाव लावून ठेवते. तर म्हणाले, कुणी वाचत असेल तर वाचू दे, मला घाई नाही. आता ते लेकीकडे राहायला गेले, ब्रिस्टलला."

उतारावरून घरी यायला मला चढापेक्षा जास्त वेळ लागला.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळं सांगितलं. सेल्विन थोडा वेळ बटाटे चिवडत बसला. मला वाटलं, ओशाळला. तेवढ्यात मान वर करून म्हणतो, "त्या सोळांतलं एखादं एडिथमावशीच्या बाजूला असेल. तिचं कार्ड आहे का गं?"

नोरीननं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सेल्विन," मी म्हटलं, "तुझं पुस्तक चांगलं आहे. मी शेवटपर्यंत वाचलंय म्हणून सांगते. तुला वाचक नव्हता असं नाही. एक होता, दर शनिवारी यायचा, आणि तुझं ऐकून मी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत होते. उद्या तिन्ही प्रती तू स्वतः नेऊन दे, आणि कुणी उचलेपर्यंत राहू देत तिथं. नाही उचलल्या तर नाही. आकडा शून्य आला तरी चालेल, निदान तो खरा असेल."