थोडी आवराआवर

चारशे बाराव्यांदा केबल उपटली आणि मॉनिटर गोठला. पडद्यावरची हिरवी रेघ अर्ध्यातच थांबली, आकडा ब्याण्णववर अडकला आणि टेस्टिंगवाल्याने दोन्ही हात वर केले.

"सापडला घोळ एकदाचा! ताई, या लवकर."

दिवसभर केबल उपटणं हेच त्याचं काम, म्हणून ऑफिसात सगळे त्याला उपटसुंभ म्हणत आणि तोही बिनतक्रार ओ देत असे. ताई खुर्ची सरकवत त्याच्याशेजारी आली. ड्रायव्हर लिहिणाऱ्या गटाची ती प्रमुख. ड्रायव्हर म्हणजे सेन्सरचे आकडे मॉनिटरच्या पडद्यापर्यंत पोचवणारा, कोणालाही न दिसणारा प्रोग्राम. गेल्या आठवड्यात एका रुग्णालयात पेशंटला दुसऱ्या खाटेवर हलवताना नर्सने सेन्सरची केबल काढली आणि पडदा असाच गोठला. इजा कोणाला झाली नाही. 'आधी मॉनिटर बंद करा, मग केबल काढा' असं सगळ्या रुग्णालयांना कळवूनही झालं. पण नर्सने पेशंट सांभाळायचा की आपल्या मशीनचे नखरे, हे ताईने साहेबांना मीटिंगमध्ये तोंडावर विचारलं होतं.

केबल निघाली की ड्रायव्हरने आपला पसारा आवरायचा आणि वापरलेली मेमरी परत करायची. मात्र एक टायमर दर पाव सेकंदाला त्याच मेमरीत डोकावत असतो. तो आत असतानाच मेमरी परत गेली, तर तो काहीतरी भलतंच वाचतो आणि मशीन आडवं होतं. आत कोणी आंघोळ करतंय का हे न बघताच खोलीची किल्ली मालकाला देऊन टाकावी, तसला प्रकार. इथे टायमरला थांब म्हटलेलं होतं, पण तो खरोखर थांबेपर्यंत वाट पाहिलेली नव्हती. दुरुस्ती दोन ओळींची होती. ताईने ती अर्ध्या तासात लिहिली आणि उपटसुंभाने पुन्हा पहिल्यापासून केबल उपटायला घेतली.

राहिलं होतं ते टिपण. या धंद्यातली रीत अशी, की दुरुस्तीच्या टिपणाखाली, ती चूक मुळात कोणत्या बदलातून घुसली, त्याचा क्रमांक आणि मथळा द्यावाच लागतो. त्याशिवाय दुरुस्ती कोणी स्वीकारत नाही. ताईने चुकलेल्या ओळी कोणाच्या ते कॉम्प्युटरला विचारलं. त्याने तिच्या नवऱ्याचं नाव दाखवलं.

तिला नवल वाटलं नाही. सात वर्षांपूर्वी तोही इथेच होता, हा ड्रायव्हर त्याचाच, आणि बड्या ग्राहकांसमोर मॉनिटर असाच गोठला होता. चौकशी झाली. प्रत्येक ओळीवर नाव त्याचं. "माझ्याकडूनच राहिलं असेल," असं म्हणून त्याने मान खाली घातली. त्याला त्या कामावरून काढलं आणि तीन महिन्यांनी त्याने नोकरीच सोडली. पुढे कोणीतरी मलमपट्टी केली, गोठणं इतकं विरळ झालं की सगळे विसरून गेले. आता तो शाळेत गणित शिकवतो. "बरंच झालं," तो पाहुण्यांना हसत सांगतो. "वेंधळ्या माणसाने यंत्रांच्या वाटेला जाऊच नये."

क्रमांक डकवायचा आणि पाठवायचं, एवढंच काम होतं. पण त्या बदलाचा मथळा होता 'फाइली नव्या फोल्डरमध्ये हलवल्या'. फाइली हलवल्या की सगळ्याच ओळींवर हलवणाऱ्याचं नाव चढतं, मग त्या लिहिलेल्या कोणी का असेनात. ताई त्या बदलाच्याही मागच्या, जुन्या नोंदींत गेली. अगदी तळाशी नवऱ्याने लिहिलेली मूळची आवृत्ती होती. तिच्यात टायमर थांबेपर्यंत वाट पाहिलेली होती, मेमरी सगळ्यात शेवटी परत केलेली होती. सगळं जिथल्या तिथे. तिच्यावर आणखी एक बदल होता. मथळा 'थोडी आवराआवर'. नाव ताईचं.

तिला आठवलं. ती गटात नवी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. केबल काढल्यावर मशीन क्षणभर रेंगाळतं म्हणून तिने ते वाट पाहणं काढून टाकलं होतं. "किती सुटसुटीत झालं," असं नवऱ्यानेच कौतुक केलं होतं. चौकशीत इतकं मागे कोणी गेलं नाही. त्या मीटिंगमध्ये तीही बसली होती, आणि तीही गेली नाही.

"मिळाला का नंबर?" उपटसुंभाने विचारलं. "टाका की ताई, सुटू एकदाचे."

"तुझं चालू दे."

फाइली हलवल्याचा क्रमांक टाकला असता तर कोणीही हरकत घेतली नसती, खुद्द कॉम्प्युटरच तो सुचवत होता. ताईने तो डकवलाही. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले. तिने तो खोडला, आपला टाकला, आणि न पाठवताच लॅपटॉप उचलून ती घरी निघाली.

तो जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होता. तिने पर्सही खांद्यावरून काढली नाही.

"अरे, जरा हे बघतोस?"

तो वाचत गेला. खालून वर आणि वरून खाली, दोनदा.

"ही माझी मूळची."

"हो."

"हिच्यात वाट बघितलीये."

"हो. ते मी काढलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

त्याने तिची आजची दुरुस्ती पुन्हा उघडली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"नव्या दुरुस्तीतही भोक आहे. टायमर थांबवलास, ठीक. पण तेवढ्यात सेन्सरचा शेवटचा निरोप आला तर तो त्याला पुन्हा चालू करेल. आधी निरोपांचं दार लाव. मग टायमर, मग मेमरी."

सात वर्षं त्याने यातल्या एका ओळीला हात लावला नव्हता, आणि हे त्याला चार मिनिटांत दिसलं. तिला भडभडून आलं. ती ओळ तिने तिथेच उभ्याने घातली, ऑफिसात अजून केबल उपटत बसलेल्या उपटसुंभाला ती पाठवली आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत नवरा पुन्हा वह्यांकडे वळला. तासाभराने उपटसुंभाचा मेसेज आला: सहाशे वेळा उपटली, एकदाही गोठला नाही.

"मी उद्या साहेबांना सांगते," ती घाईघाईने म्हणाली. "सगळ्यांना लिहिते. तू परत येऊ शकतोस, मी बोलते त्यांच्याशी. मला माफ कर, मला खरंच—"

"दुरुस्ती पाठव," तो म्हणाला. "लोकांच्या उशाशी आहेत ती मशीनं. पण आपल्या दोघांतलं आज आटपायला जाऊ नकोस."

तिने पाठवली. तो उठून खिडकीशी गेला.

"सात वर्षं मी दाराचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघतोय," तो पाठमोराच म्हणाला. "तू हसायचीस."

"हो."

"बाबांच्या ऑपरेशनचा कागद डॉक्टरांनी माझ्या हातात दिला. मी तुला दिला. म्हटलं, माझ्या नजरेतून काहीतरी सुटेल. माझे वडील होते ते."

माफी तिच्या अगदी ओठांवर आली होती. फोन वाजला, साहेबांचा होता. तिने तो बंद करून पालथा ठेवला, पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

"अजून आहे," तो म्हणाला.

"बोल," ती म्हणाली.