पाठीचं माप

संघमित्राच्या पाठीची दोन मापं आली आणि दोन्ही बरोबर होती.

पहिलं माप मी घेतलं तेव्हा ती बैहरहून थेट ड्यूटीवरून आली होती. ती वनरक्षक आहे. अंगात खाकी वर्दी, बुटांना लाल माती. मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईला अस्वलाने झाडावर कसं चढवलं आणि मग स्वतःच खाली बसून फुलं कशी खाल्ली, हे ती हात वर करकरून सांगत होती आणि मी टेप फिरवत होते. दुसरं माप घेताना तिची होणारी सासू लीलाबाई शेजारी बसली होती. लग्नाच्या कपड्याचं माप दोनदा घ्यायचं, हा शीलामावशीचा नियम. दुकान मावशीचं. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलं आहे, आणि पुढच्या प्रवेशाचं ठरेपर्यंत तिच्याकडे बेतायला आणि कापायला बसते.

दुसऱ्या वेळी पाठ पाऊण इंच रुंद भरली. मानेपासून कंबरेपर्यंतची लांबीही वाढली. छाती मात्र समोरून अरुंद झाली.

मावशी म्हणाली, मी टेप ढिली धरली असेल. पण ढिल्या टेपने सगळीच मापं वाढली असती. इथे मागचं वाढलं होतं आणि पुढचं कमी झालं होतं. माणूस खांदे पुढे ओढून बसला की असंच होतं. टेपची चूक नव्हती. लीलाबाईसमोर संघमित्राचं अंगच वेगळं होतं.

त्याचं कारण आमच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. लांजीला साखरपुडा झाला तेव्हा संघमित्रा उंबऱ्यातून आत शिरत होती आणि लीलाबाई सगळ्यांसमोर हसून म्हणाली होती, "आमची चौकट लहान पडन बाई हिले." पाहुणे हसले. संघमित्राही हसली. शाळेत ती माझ्या दोन वर्षं पुढे होती आणि जिल्ह्यात गोळाफेकीत पहिली यायची. तिचे खांदे रुंद आहेत, कंबर आणि पाय बारीक. साखरपुड्याचे फोटो तिने मला मोबाइलवर दाखवले. पहिल्या फोटोत ती सरळ उभी होती. पुढच्या प्रत्येक फोटोत खांदे थोडे थोडे आत गेलेले. शेवटच्या फोटोत ती रजतच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्या, मागे जवळजवळ लपली होती.

इंटरनेटवर बायकांची अंगं फळांमध्ये वाटून दिलेली असतात. कुणी नासपाती, कुणी सफरचंद. संघमित्राच्या वाट्याला फळसुद्धा नाही, उलटा त्रिकोण आहे. मी हे सगळं वाचते, पण त्यावर कापत नाही. आमच्या गल्लीत रचना नावाची मुलगी आहे, ती नासपाती, म्हणून तिला सगळे लांब, ढगळ कुर्ते द्यायचे. मी तिच्या कुर्त्याचे काठ फक्त चार बोटं वर, मांडीच्या सर्वात रुंद जागेच्या वर संपवले, तर ती उंच दिसायला लागली. मयुरी ठेंगणी आणि बारीक. तिला सगळे घेर सांगायचे. तिच्यासाठी मी कंबरेची शिवण दोन बोटं वर चढवली आणि घेर काढून टाकला. अंगाला नाव दिल्याने काही कळत नाही. डोळा कुठून कुठे जातो, ते बघावं लागतं.

लीलाबाईने गोंदियाहून एक गाऊन आणला होता. पांढरी नेट, फुगीर बाह्या आणि खांद्यांवर झालरींच्या तीन ओळी, खांदे झाकले जावेत म्हणून. तिने तो टेबलावर पसरला आणि अट सरळ सांगितली. तुम्ही याच्याहून चांगला शिवून दाखवला तर तो, नाहीतर हाच. मी तपासायला येईन. मला ती अट योग्य वाटली.

ती बाहेर पडल्यावर संघमित्राने गाऊनची झालर दोन बोटांत धरली.

"मले काही सुंदरबिंदर नाई दिसायचं, श्रुतिका," ती म्हणाली. "पण आपल्याच लग्नात मले लहान होऊन नाई बसायचं."

सासूशी लग्नाआधी वाद घालायचा नाही, असं तिने रजतला कबूल केलं होतं. म्हणजे जे काही बोलायचं ते कपड्यालाच बोलावं लागणार होतं.

अडचण रंगाची होती. रुंद खांद्यांना सगळे एकच उपाय सांगतात, वर गडद आणि खाली फिका. पण आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या कपड्यात असते. रंग हा चल, म्हणजे बदलता येणारा घटक, गणितातून गेलाच. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी दुकानात ऊन येतं. मी पांढऱ्या क्रेपचा तुकडा त्या उन्हात धरून बराच वेळ दुमडत राहिले. पांढऱ्यावर गडद अशी एकच गोष्ट उरते, चुणीची सावली. आडवी चुणी पडली की डोळा आडवा जातो, उभी शिवण दिसली की वरून खाली उतरतो. आणि गाऊनवर तर आडव्या झालरी होत्या, एकीखाली एक. शिवाय झाकलेली वस्तू लहान दिसत नाही. झाकणाएवढी दिसते.

मी आधी मांजरपाटावर नमुना शिवला. पुढे खोल व्ही गळा, म्हणजे खांद्यांची रुंदी मध्ये तुटेल, आणि खाली भरपूर घेर, म्हणजे वरचा तोल खालून सांभाळला जाईल. आरशात ते इतकं छान दिसलं की मावशीने मशीन थांबवली. संघमित्रा एका बाजूने वळली, दुसऱ्या बाजूने वळली आणि हसली. तेवढ्यात तिचा फोन स्टुलावरून खाली पडला. ती उचलायला वाकली आणि गळा अंगापासून सुटून पुढे लोंबला. तिचा हात पटकन छातीवर गेला. ती उभी राहिली तरी हात तिथेच.

"मंग हात जोडू का गळा धरू?" तिने विचारलं.

मावशी हसली, पण मला हसू आलं नाही. लग्नात ती वाकणार होती, गुडघ्यांवर बसणार होती, मेणबत्ती लावणार होती. हे मला माहीत होतं. मी लहानपणापासून अशी लग्नं बघितली आहेत. तरी मी तिला आरशासमोर उभी करून शिवत होते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आमच्या विहारासमोर मांडव पडतो तेव्हा नवरा-नवरी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे तोंड करून बसतात. वंदना, त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, सगळं तसंच. पाहुणे मागे बसतात. लग्नाचा सगळ्यात लांब भाग लोक नवरीचा चेहरा बघत नाहीत, पाठ बघतात. मी निरीक्षकच चुकीच्या जागी उभा केला होता.

मी सगळा घेर उसवला. नवीन बेत मागून सुरू केला. दोन्ही खांद्यांपासून दोन उभ्या शिवणी, न तुटता थेट खालच्या काठापर्यंत. मधोमध चेन नाही, चेन काखेखाली. पुढचा गळा गोल, मानेजवळ, वाकलं तरी न सुटणारा. बाही साधी, कोपरापर्यंत, आणि तिची शिवण खांद्याच्या हाडावर नेमकी, एक बोटही आत नाही. खांदे जिथे आहेत तिथेच दिसणार होते. त्यांच्यापासून खाली पडणारी रेषा लांब करायची, एवढंच.

आता प्रश्न होता, कोणत्या मापाने कापायचं.

मावशीने मधलं माप घ्यायला सांगितलं. दोन्ही वेळी थोडं थोडं चालून जाईल. मला ते पटलं नाही. सरळ बसलेल्या संघमित्राला ते ढिलं झालं असतं आणि आकसलेल्या संघमित्राला घट्ट. सरासरीच्या मापाची बाई कुठेच नव्हती. मावशीचं म्हणणं पडलं की मग मोठं माप घे, निदान उसवणार तरी नाही. तेही खरं होतं. वर्दीतल्या मापाने कापलं आणि लग्नाच्या दिवशी ती खांदे ओढून बसली, तर काखेपासून काखेपर्यंत आडव्या चुण्या पडणार. पांढऱ्यावर, सगळ्या पाहुण्यांसमोर.

हे मी ठरवू शकत नव्हते. मी संघमित्राला बोलावलं, दोन्ही मापं सांगितली आणि फरक कशाने पडला तेही सांगितलं. ड्रेस वर्दीतल्या मापाचा हवा असेल तर त्यात लपायला जागा नसेल, असं स्पष्ट म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल असं मला वाटलं. टेपने कुणाचं मन असं पकडावं, हे बरोबर आहे का, असाही विचार आला.

"वर्दीतलं," ती म्हणाली. "काप मंग."

मी कापलं.

लीलाबाई लांजीच्या बसने आली. जय भीम झाला, पाणी झालं, आणि ती मावशीच्या खुर्चीत ताठ बसली. गोंदियाचा गाऊन तिने आपल्या मांडीवर घेतला होता. संघमित्रा पडद्यामागून बाहेर आली, सासूसमोर उभी राहिली, आणि मला जे नको होतं तेच झालं. तिचे खांदे पुढे गेले. काखेतून एक चुणी निघाली, मग तिच्याखाली दुसरी.

"ताणून राह्यला," लीलाबाई म्हणाली. तिने गाऊन उघडायला घेतला. "मी म्हटलंच होतं. अंगच तसं आहे तं कपडा काय करन?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. संघमित्राने कुणाकडेच बघितलं नाही.

मी लीलाबाईला विचारलं, लग्नात तुम्ही कुठे बसणार?

"कुठं म्हंजे? पुढच्या रांगेत. पोराची माय आहो मी."

मग तिथूनच बघा, मी म्हटलं. दुकानाच्या एका भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. मी त्यांच्यासमोर सतरंजी अंथरली. लीलाबाईची खुर्ची मागे ओढली, साधारण जिथे पहिली रांग येईल तिथे. संघमित्राला वंदनेला बसतात तसं बसायला सांगितलं. ती गुडघ्यांवर बसली, आमच्याकडे पाठ करून. चुण्या अजून होत्याच.

"वंदना म्हण," मी म्हटलं.

तिने हात जोडले आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज बारीक होता. पण वंदना आकसून म्हणता येत नाही. ओळी लांब असतात, श्वास पुरत नाही. दुसऱ्या ओळीला तिने छाती भरून श्वास घेतला आणि खांदे आपोआप मागे गेले. आता तिच्यासमोर सासू नव्हती. वरची चुणी मिटली, मग खालची. दोन शिवणी खांद्यांपासून सतरंजीपर्यंत सरळ उतरल्या, त्यांच्या बाजूला उन्हातली बारीक सावली. पाठ रुंद होती आणि सुंदर होती. मी काही लपवलं नव्हतं, आणि लपवण्यासारखं काही होतं असं आता कुणी म्हणालं नसतं.

सवयीने लीलाबाईही सोबत म्हणू लागली होती. मधेच ती थांबली. संघमित्रा एकटीच शेवटपर्यंत गेली.

"आता हा घाल," लीलाबाई म्हणाली आणि गाऊन पुढे केला. "अशीच बसून दाखव."

हे मीच सांगणार होते. एक नमुना तपासायचा आणि दुसरा नाही, याला तुलना म्हणत नाहीत. संघमित्रा गाऊन घालून त्याच जागी बसली. फुगीर बाह्या कानांपर्यंत चढल्या. झालरी दोन्ही बाजूंना उशांसारख्या उभ्या राहिल्या, मधोमध चेन ताणली गेली. मान कुठे दिसेना.

लीलाबाईने तो गाऊन स्वतः निवडला होता. ती खुर्चीतून थोडी डावीकडे झुकली, मग उजवीकडे.

"मागून तं सोफा दिसून राह्यली," ती शेवटी म्हणाली.

मावशीने तोंडावर पदर धरला. संघमित्राचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून मी पुढे झाले, तर ती हसत होती. ती पडद्यामागे गेली आणि आमचा ड्रेस पुन्हा घालून आली. या वेळी ती सासूसमोर तोंड करून उभी राहिली. चुणी नव्हती.

लीलाबाईने तिला वरून खाली बघितलं. उठली, जवळ गेली, आणि बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर कुठे बसते ते अंगठ्याने चाचपलं.

"चौकट मोठी करता येते," ती म्हणाली. "लांजीत मिस्त्री आहेत."

"हौ आई," संघमित्रा म्हणाली. "लवकर सांगा त्याले. तारीख जवळ आली."

लीलाबाई हसली नाही, पण गाऊनची घडी घालून तिने तो पिशवीत तळाशी टाकला.

लग्नात मी तिसऱ्या रांगेत बसले होते, मला तपासायचं होतं ते तिथून नीट दिसत होतं म्हणून. रजत आणि संघमित्रा तसबिरींसमोर बसले. वंदना सुरू झाली. संघमित्रा मेणबत्ती लावायला वाकली, गळा जागेवर राहिला. ती परत बसली, चुणी आली नाही. एकदा डाव्या काखेत बारीकशी रेघ दिसली आणि तिने श्वास घेताच गेली. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेतला काप, तिथे सुताभर खोल हवा होता. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.

फोटोग्राफर तसबिरींच्या बाजूला, पुढे जाऊन बसला होता आणि दोघांना मान वर करा म्हणून खुणावत होता. पहिल्या रांगेतून लीलाबाईने त्याला हाताने बोलावलं. त्याला कळेना, तो बघत राहिला. तिने पुन्हा बोलावलं, आणि वंदना चालू होती तरी अर्ध्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तिथून काय घेतो? इकडं ये. सुनेचा फोटो मागून घे."