मी गेलो न्हाय

कुमार भोईर दापोड्याच्या एका गोदामात डिस्पॅचला होता. सकाळी आठपासून गेटवर ट्रकांची रांग लागायची आणि कुमार काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून एकेका ड्रायव्हरला बोलवायचा. "यूपी पासष्टवाले भैया, सात नंबर डॉक पे लगाओ. चाय बाद में पीना, चाय कहीं भागी नहीं जा रही." ड्रायव्हर हसत उठायचे. बारा वर्षं तो हेच काम करत होता आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

रविवारी तो दुसऱ्या माइकवर असायचा. भाताची कापणी झाली की तालुक्यात गावोगावी शेतं सपाट करून टेनिस क्रिकेटचे सामने भरतात, ते थेट मे महिन्यापर्यंत. एक मांडव, दोन भोंगे, पहिल्या नंबराला मोटरसायकल. या सामन्यांना कॉमेंट्री करणारा लागतो आणि राहनाळपासून पडघ्यापर्यंत पहिली मागणी कुमारला असायची. त्याचा आवाज चांगला होता, पण चांगले आवाज आणखीही होते. कुमारला मैदानावरचा प्रत्येक जण कुणाचा कोण हे ठाऊक असायचं. एखाद्यानं सिक्सर मारला की तो म्हणायचा, "सकालपासून सहाशे खोके उतरवून आलेला हात हाय ह्यो. चेंडू हलकाच वाटनार त्याला!"

त्याचा लहानपणापासूनचा मित्र विशाल हे सामने कॅमेऱ्यावर घेऊन थेट यूट्यूबवर दाखवायचा. एका फेब्रुवारीत राहनाळच्या मैदानावर भूपेश नावाच्या पोराच्या हातून सोपा झेल सुटला. भूपेशचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. हळद लागल्यावर नवरदेवानं उंबरा ओलांडू नये म्हणतात, पण हा मागच्या दारानं पळून खेळायला आला होता. कुमार माइकवर म्हणाला, "सुटला! आरं, हलदीचे हात हायेत ते, चेंडू घसरनारच! भूपेश, चेंडू सुटला तर सुटला, उद्या माळ तेवढी सोडू नको!" भूपेशची आई मांडवामागून चप्पल घेऊन निघाली, तेही कॅमेऱ्यात आलं.

आठवडाभरात तो तुकडा वीस लाख लोकांनी पाहिला. मार्चमध्ये मुंबईच्या एका क्रीडा वाहिनीवरून फोन आला. उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेचे सामने ते मराठीतून दाखवणार होते. त्यांना ताजा आवाज हवा होता.

गोदामाच्या मालकानं दोन महिन्यांची रजा दिली. गावकऱ्यांनी नाक्यावर बॅनर लावला. कुमारची बायको रंजिता अंगणवाडीत सेविका होती. तिनं त्याला तीन नवे शर्ट घेतले आणि इस्त्री करून बॅगेत भरले. मुलगी दिशा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं.

स्टुडिओ गोरेगावला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होता. सामना असायचा चेन्नईला नाहीतर जयपूरला. कुमार आणि एक माजी खेळाडू एका बंद खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसायचे. कानात निर्मात्या बाईंचा आवाज यायचा. बाई कामाच्या पक्क्या होत्या आणि मनानं सरळ होत्या. प्रत्येक खेळाडूची माहिती त्या छापून हातात द्यायच्या. कुठला, काय वयाचा, किती धावा. कुमार ते पाठ करून यायचा. चौथ्या सामन्यापर्यंत तो सरावला. लोकांना तो आवडू लागला.

सहाव्या सामन्यात न्यूझीलंडच्या एका खेळाडूकडून झेल सुटला. कानात बाई म्हणाल्या, "कुमारजी, ते हळदीचं टाका ना." कुमारनं टाकलं. "हलदीचे हात हायेत ते, घसरनारच!" शेजारचा माजी खेळाडू खो खो हसला. दुसऱ्या दिवशी ते सगळीकडे फिरलं. कुमारनं तो तुकडा परतीच्या बसमध्ये पाहिला. त्याला लाज वाटली नाही, आनंदही झाला नाही. त्या खेळाडूचं लग्न झालंय की नाही हे आपल्याला माहीत नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

स्पर्धा संपायच्या आठवड्यात बाईंनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. वाहिनीला त्याच्याशी दोन वर्षांचा करार करायचा होता. क्रिकेट झालं की कबड्डी, मग पुन्हा क्रिकेट. मुंबईत राहायला जागा देणार होते.

"माझी एक अडचन हाय," कुमार म्हणाला. "डिसेंबर ते मे मला रविवारी गावाला जावं लागंल. सामने असतात."

बाईंना आधी नीट कळलं नाही. कळल्यावर त्या हसल्या, पण टिंगलीनं नाही. "कुमारजी, रविवारीच तर दोन-दोन मॅच असतात. आणि करारात दुसरीकडे कॉमेंट्री करता येत नाही. तुम्ही आता तिथे कशाला जाल?"

"बरं," कुमार म्हणाला. "मी सांगतो."

"पंधरा दिवस घ्या," बाई म्हणाल्या.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली होती. जो तो विचारू लागला, कधी चाललास? कुमार म्हणायचा, "बघू. पोरीची शाळा हाय, रंजिताची नोकरी हाय, आईला गुडघ्यानं उठवत न्हाय." हे सगळं खरं होतं. लोक माना डोलवायचे आणि म्हणायचे, "व्हय रं, संसार हाय."

हे रंजिताच्या कानावर गेलं. अंगणवाडीत मुलांना खाऊ वाटताना एक बाई तिला म्हणाली, "तुज्यामुलं आडलंय म्हनं त्याचं." रंजितानं खाऊ वाटून संपवला. दुपारी घरी आली तेव्हा कुमार ओटीवर बसून पंख्याची वायर जोडत होता.

ती म्हणाली, "मी बदलीचा अर्ज भरायला तयार हाय, हे तुमाला म्हाईत हाय ना?"

"हाय."

"आईंना मी विचारलं. त्या बोलल्या, माझी लेक पडघ्याला हाय, मी तिकडं ऱ्हाते. दिशा तर आजच निघंल. मग आमच्यातलं कोन आडवं आलंय?"

कुमारनं वायर खाली ठेवली. "कोनी न्हाय."

"मग तुमाला न्हाय जायाचं तर न्हाय जा. पन माझ्यापायी गेलो न्हाय असं कुनाला सांगू नका. उद्या तुमाला पस्तावा झाला तर तो माझ्या माथी नको."

कुमारनं सरकून तिला ओटीवर जागा केली. मग म्हणाला, "मला तिकडं बरं वाटत न्हाय गं. वाईट काय न्हाय. मानसं चांगली हायेत. पन मी ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांना मी वलखत न्हाय, आन ते मला ऐकत न्हाईत. इकडं मी बोललो की भूपेशची आय चप्पल घेऊन येते."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

रंजिताला राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही. मुंबईतली खोली तिनं मनात लावून ठेवली होती. खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा, तेही ठरलं होतं. "मला ह्यातलं काय पटत न्हाय," ती म्हणाली. "पन हे तुमी मला सांगितलं तसं बाईंना सांगा. गुडघे न्हाईतर शाला सांगू नका."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कुमारनं गोदामाच्या मागं उभं राहून फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पैशांचा प्रश्न असेल तर मी वर बोलते." कुमार म्हणाला, "न्हाय, तसं काय न्हाय. मलाच न्हाय यायचं." "असं मला आजवर कुणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

विशालला हे सगळ्यात जास्त लागलं. तो गोदामाच्या गेटवर येऊन उभा राहिला. "मी सात वर्षं उन्हात कॅमेरा धरला," तो म्हणाला. "तू वर गेला असतास तर मला पन वाट झाली असती. कधी विचार केलास?"

"न्हाय केला," कुमार म्हणाला. हे खरं होतं.

"तू भित्रा हायेस."

"आसंल."

विशाल गेला आणि पुढं दीड वर्ष त्याच्याशी बोलला नाही. सामन्यांना कॅमेरा घेऊन यायचा, तार जोडायचा, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा.

गावानं आपापली कारणं शोधली. कुणी म्हणालं, त्याला इंग्रजी येत नाही म्हणून काढलं. कुणी म्हणालं, आवाज बसला. कुणी म्हणालं, वर ओळख लागते. कुमारच्या कानावर सगळं यायचं. तो खोडून काढत नसे. खोटं असलं तरी त्यात लोक त्याच्या बाजूनं होते, आणि ते त्याला सोयीचं वाटत होतं.

पुढच्या जानेवारीत दापोड्यातच मोठी स्पर्धा होती. अंतिम सामन्याला एक पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून आले. बक्षिसांच्या आधी त्यांनी माइक घेतला. "आज इथं आपला कुमार आहे," ते म्हणाले. "सोन्यासारखा आवाज! पण मुंबईवाल्यांनी आपल्या पोराला संधी दिली नाही. खेड्यातल्या माणसावर हा अन्याय आहे!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. दोन म्हातारे तर कुमारकडे डोळे ओले करून पाहू लागले. पाहुण्यांनी माइक त्याच्या हातात दिला आणि खांदा थोपटला.

कुमारनं माइक तोंडाशी धरला. समोर बायकांत रंजिता बसली होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, दिशाची वेणी सोडून पुन्हा घालत होती.

"सायबांचं बोलनं मोठ्या मनाचं हाय," कुमार म्हणाला. "पन संधी दिली होती. दोन वर्षांचं काम देत होते, घर बी देत होते. मी गेलो न्हाय. मला कोनी अडवलं न्हाय, घरच्यांनी बी न्हाय. मलाच जायाचं नव्हतं."

मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांना आता काय करावं कळेना. पाहुणे हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मागून एक जण मोठ्यानं म्हणाला, "येडा हाय काय!" आणि बरेच लोक हसले.

"आसंल," कुमार म्हणाला. "चला, सर्वोत्तम गोलंदाजाचं बक्षीस."

त्यानंतर गावात त्याची किंमत थोडी उतरली. ज्याला मिळालं नाही त्याच्याबद्दल हळहळ असते. मिळूनही जो गेला नाही, त्याचं काय करायचं हे लोकांना समजत नाही. एक-दोन मंडळांनी त्याला बोलावणं बंद केलं. बाकीच्यांनी बोलावलं. रंजितानं मात्र त्या अंतिम सामन्याच्या रात्री, बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच, त्याच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण केलं.

त्याच मोसमात पडघ्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा कल्पेश नावाचा तरुण सामन्यांना येऊ लागला. तेवीस वर्षांचा, बोलायला चपळ. कुमार त्याला मधल्या सामन्यांना माइक द्यायचा. कल्पेशला सगळे आकडे पाठ असायचे आणि आवाजाचे चढउतार तो घरी आरशासमोर बसवायचा. एकदा त्यानं विचारलं, "दादा, त्या बाईंचा नंबर हाय का अजून?" कुमारनं दिला, आणि स्वतः फोन करून सांगितलंही. विशालनं त्याचे तुकडे कापून मुंबईला पाठवले. त्या कामासाठी विशालला कुमारशी बोलावं लागलं. आधी कामापुरतं, मग चहापुरतं.

कल्पेश निवडला गेला. विशालही त्याच्याबरोबर गेला, आता तो वाहिनीच्या ऑनलाइन विभागात आहे. पहिल्या वर्षी कल्पेश अडखळला, दुसऱ्या वर्षी जमला. या उन्हाळ्यात मानकोलीच्या पुलाजवळ त्याचा मोठा फलक लागला. निळा कोट, हातात माइक.

कुमार दिशाला क्लासला सोडायला चालला होता तेव्हा तो फलक पहिल्यांदा त्याच्या नजरेस पडला. पुढं कंटेनर अडकला होता, म्हणून स्कूटर पुलाखाली थांबली होती. तो फलकाकडे पाहत राहिला.

"बाबा, तिकडं तुमी असता," मागून दिशा म्हणाली.

"असतो कदाचित."

"वाईट वाटतं?"

"आत्ता वाटलं थोडं."

"मग जायचं होतं ना."

"तवा जायाचं नव्हतं. आजबी कोनी विचारलं तर न्हाय म्हनंन. पन वाटतं ते वाटतं."

दिशानं यावर विचार केला. ती आता चौदाची होती आणि तिला पायलट व्हायचं होतं. कुठल्या राज्यात कुठली शाळा आहे, दृष्टी किती लागते, हे सगळं तिनं वहीत लिहून ठेवलं होतं.

"मी तर गेले असते," ती म्हणाली. "आईसारखी."

"आई कुठं गेली?"

"गेली न्हाय. पन ती गेली असती."

कंटेनरवाला खाली उतरून मागच्या गाडीवाल्याशी हिंदीत भांडत होता. हॉर्न वाजत होते. कुमारनं घड्याळ पाहिलं आणि स्कूटर बाजूच्या कच्च्या रस्त्यावर घेतली, कारण क्लास सुरू व्हायला सात मिनिटं राहिली होती आणि दिशाला उशीर झालेला चालत नसे.