शुक्रवारची हळद

बुधवारी पुनमनं लॅपटॉपवर आमचं गाव दाखवलं. लालभडक! माझी पुतणी ही, नांदेडला शिकती. कॉम्प्युटरमध्ये गावाची हवा बनवती, मॉडेल म्हणती त्याला, अन् धूर कुठं बसणार ते आधीच काढती.

“काका, उद्या वारा पडणार. हळद शिजवायचे कुकर पेटले की धूर गावातच कोंडणार.”

“मग दगडोबाचं?”

तिनं लॅपटॉप मिटला. दगडोबा माझा लंगोटीयार, दम्यानं दोनदा मरता मरता वाचलेला.

आता धूर करू नका म्हणलं तर कोण ऐकतंय? मी आपल्या लायनीनं गेलो. हॉटेलात चहा पिता पिता सोडून दिलं, “वसमतच्या मोंढ्यात व्यापाऱ्यांकडून ऐकलं, गुरुवारी शिजवलेली हळद औंदा रंगच धरून राहिली न्हाई.” झालं! सगळ्यांनी शिजवण शुक्रवारवर ढकलली. गुरुवारी मी शीळ घालत हिंडलो.

दुपारी पुनम पळत आली. “काका, वारा अजून एक दिवस न्हाई. अन् उद्या सगळेच कुकर एकदम! तसं टाकून मॉडेल चालवलं, बघा.”

गाव जांभळं. लालच्या पुढं जांभळं असतं, हे तवा कळलं.

घरोघर पळालो. “थाप मारली होती मी! उद्या नका पेटवू!”

पहिल्याच घरी किसनसिंग पोट धरून हसला. “एकाच हळदीला दोनदा फसायचं का, इजूभाऊ?”

दगडोबाला म्हणलं, “दोन दिस कळमनुरीला बहिणीकडं जा.”

“मागं जावळाचं जेवण हाय म्हणून तूच धाडलंस. दाराला कुलूप होतं, गाढवा!”

पाया पडलो. तर म्हणला, “वा, ॲक्टिंग बेस!”

शुक्रवारी धूर गल्लीत असा बसला की समोरचं देऊळ दिसंना. दगडोबाला जीपमध्ये घातलं. नांदेड यायच्या आधीच गेला, माझ्या मांडीवर.

दहाव्यानंतर पुनमला म्हणलं, “माझी थाप काढून चालव.”

नको नको म्हणली. मग चालवलं. पडद्यावर कुकर ज्याच्या त्याच्या सवडीनं, तीन दिवसांत वाटून पेटले. गाव लालच राहिलं, जांभळं झालं न्हाई.

“वाचला असता?”

“मॉडेल हवेचं सांगतं काका, माणसाचं न्हाई.” माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं.

गावात आता मला मान हाय. किसनसिंग तर गळ्यात पडून रडला. “तुमी खरं सांगून राहिले होते भाऊ, आमीच हसलो.”

सांगतो मी त्याला, बराबर सगळं सांगतो. तो म्हणतो, “काहून स्वतःला दोष देता, देवमाणूस तुमी.”