एक बोट फिरव आणि थांब

मित्रांनो, मी या छपरावरची जुनी अँटेना. आज गोड बोलणार नाही, कारण मला राग आलाय. रागात असले की मला खोटं सुचत नाही, तेव्हा जरा ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. ग्रीसच्या या बेटावर स्तामातिस नावाचा होड्या बांधणारा सुतार होता. त्यानं अॅल्युमिनियमच्या नळ्या आणल्या आणि कागदावरच्या मापानं माझी एकेक काडी कापली. काडी केसभर लांब भरली तरी पुन्हा कानस घेऊन बसायचा. त्याची बायको एव्हान्थिया म्हणाली, "देवळाचं झुंबर करतोयस का रे?"

तो म्हणाला, "झुंबर बरं. ते नुसतं दिसलं की झालं. हिला ऐकायचंय!"

समुद्रापलीकडच्या डोंगरावर प्रक्षेपणाचा मनोरा आहे. तिकडे तोंड करून त्यानं मला बसवलं. दर वर्षी हिवाळ्याआधी तो वर यायचा, नट आवळायचा, वायरीच्या सांध्यावर नवी पट्टी गुंडाळायचा आणि माझ्या खांबावर थाप मारून खाली जायचा. खाली टीव्हीचं चित्र स्वच्छ असायचं. "स्तामातिसच्या घरी बघावं!" असं गाव म्हणायचं. रविवारी सकाळी राजधानीतल्या मोठ्या देवळातली प्रार्थना माझ्यातून त्या घरात उतरायची. काय ते गाणं! धीरगंभीर, समुद्राच्या भरतीसारखं चढत जाणारं. माझ्या काड्या धातूच्या खऱ्या, पण त्या वेळी त्यांनाही काटा यायचा.

मग स्तामातिस गेला. घरात लेक मिरसिनी आणि जावई लाझारोस राहू लागले. नऊ वर्षं मित्रांनो, नऊ वर्षं माझ्याकडे कुणी वर मान करून पाहिलं नाही! माझ्या खांबाला कपड्यांची दोरी बांधली. दर ईस्टरला भिंतीला चुना लावताना तो माझ्यावरही उडाला. समुद्रपक्षी येऊन बसायचे, ते काय करून जायचे ते सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी एव्हान्थियाचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिनं अंथरूण धरलं. तिला देवळात जाता येईना. तिच्यासाठी देऊळ आता मीच. आणि या रविवारी तर तिचा मुलगा पोलिदोरोस राजधानीतल्या त्याच देवळात पहिल्यांदा एकटा गाणार होता. कडव्यांत बांधलेलं, गाऊन सांगायचं जुनं प्रवचन. ती कडवी त्याला हिनंच शिकवली होती, पीठ मळता मळता. महिनाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "तो सुरुवात कशी करतो तेवढं मला ऐकू दे. सुरुवात सापडली की बाकीचं आपोआप येतं."

गुरुवारी उत्तरेचा वारा सुटला. ढिला झालेला नट कुठवर तग धरणार? मी गर्रकन फिरले. डोंगराकडे पाठ, तोंड भर समुद्राकडे. खाली पडदा काळा झाला.

शुक्रवारी म्हातारी म्हणाली, "लाझारोस, चित्र येत नाही."

"बघू, सासूबाई."

शनिवारी त्यानं काय बघितलं? टीव्हीला दोन चापट्या मारल्या आणि दुकानातून बूस्टर आणला. अरे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला काही ऐकूच येत नव्हतं, तर बूस्टर वाढवणार काय?

रविवारी सकाळी, प्रार्थना सुरू झाल्यावर, हे जावईबापू शिडी लावून वर आले. आता तरी डोंगराकडे बघतील, तर नाही! शेजाऱ्याच्या अँटेनेकडे बघून आपली लावायची, ही या गावाची रीत. त्यानं पागोनाबाईच्या छपराकडे पाहिलं आणि मला तशीच वळवली. पागोनाबाई अंगणातून ओरडली, "माझ्या अँटेनेकडे काय बघतोस रे मेल्या? तीन वर्षं तिच्यावर लसूण वाळवतेय मी!"

मग याचं डोकं फिरलं आणि त्यानं मला फिरवलं. गरागरा.

"आलं का?" वरून हा.

"नाही!" खिडकीतून मिरसिनी.

"आता?"

"नाही रे... आलं! आलं होतं! गेलं! कशाला हलवलीस?"

"मग लवकर सांग ना!"

"लवकरच सांगितलं! तूच थांबत नाहीस!"

मित्रांनो, पूर्वीच्या टीव्हीला सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमागे माणूस दिसायचा. आणि दिसायचं तेही लगेच. नवा टीव्ही तसा नाही. आलेलं सगळं तो आधी गोळा करतो, जुळवतो आणि मग दाखवतो. त्याला चार-सहा श्वासांचा वेळ लागतो. तोवर काळा पडदा. या माणसानं मला दोनदा बरोबर जागेवर आणलं आणि दोन्ही वेळा पुढे ढकललं. मला ओरडावंसं वाटत होतं, थांब ना रे गाढवा!

शेवटी ओरडली ती एव्हान्थिया. अंथरुणातून, पण आवाज छपरापर्यंत आला. "लाझारोस! अँटेना फिरवतोयस की कॉफी ढवळतोयस?"

त्यानं हात थांबवला.

"एक बोट फिरव, बोटाच्या रुंदीइतकंच. मग थांब. तीनदा 'किरिए एलेइसोन' म्हण, सावकाश, देवळात म्हणतात तसं. मग विचार."

"सासूबाई, मला गाता येत नाही."

"ते देवाला ठाऊक आहे. म्हण तू."

आणि तो म्हणाला. प्रभू दया कर, प्रभू दया कर, प्रभू दया कर. असा बेसूर, की पागोनाबाईनं कपाळाला हात लावला. एक बोट, तीन विनवण्या. "आलं?" "नाही." पुन्हा एक बोट, पुन्हा तीन विनवण्या. सातव्या बोटाला खालून मिरसिनीची किंकाळी आली, "हात काढ! आलं, हात काढ!"

पोलिदोरोसचा आवाज माझ्या काड्यांतून खाली गेला. आईनं ज्या लयीत शिकवलं होतं, त्याच लयीत तो गात होता. लाझारोस माझ्या खांबाशी उकिडवा बसला आणि हलला नाही. दोन कडवी झाली, 'आमीन' झालं, आणि पडद्यावर देवळातले दिवे मंद झाले.

"हा तर शेवट," एव्हान्थिया म्हणाली.

"आई, आलं ना पण?"

"सुरुवात कशी केली त्यानं? अगं बाई, सांगा ना कुणीतरी."

कोण सांगणार? शिडीवरून उतरता उतरता जावईबापू म्हणाले, "बूस्टर आणला म्हणून निदान एवढं तरी दिसलं!" त्या क्षणी माझी एखादी काडी निखळून त्याच्या टाळक्यात पडली असती, तर मला वाईट वाटलं नसतं.

मित्रांनो, त्याची सुरुवात आली होती. याच छपरावरून गेली. माझी पाठ तिकडे होती आणि हा लसणाकडे बघत होता. तो सूर माझ्या अंगाला घासून समुद्रावर निघून गेला, मासळीनं ऐकला असेल. म्हणून सांगते, तुमच्या छपरावर कुणी असेल तर सणाच्या सकाळपर्यंत थांबू नका. आधीच चढा. नट आवळा, सांधा झाका, मनोरा कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग एक बोट फिरवा आणि थांबा.

म्हातारी अजून वर बघून विचारते. तिला सुरुवात हवी आहे. ती मी आता कुठून आणून देऊ?