बुंदीचा कापलेला कान

चांदपाशाच्या बेकरीला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. पहाटे भट्टीतून खारी निघाली की अर्ध्या गावाला वासानंच पत्ता कळायचा. भोकरहून किनवटकडं जाताना लागणारं ते आडवळणाचं गाव. तिथं माणसाची ओळख पाटीवर नसते, जबानीवर असते, आणि चांदपाशाची जबान म्हणजे दगडावरची रेघ होती. कुणाच्या पोरीची सोयरीक असो की दोघा भावांचा भिंतीचा तंटा, लोक एवढंच विचारायचे, की चांदपाशा मध्ये आहे का? आहे म्हटलं की पुढचं बोलणं व्हायचं. या गोष्टीचा त्याला गर्व होता. असू दे बापडा, माणसाला कशाचा तरी गर्व लागतोच.

पहाटेची फज्रची नमाज झाली की तुटके टोस्ट आणि करपलेले पाव टोपल्यात घेऊन तो दुकानाच्या पायरीवर यायचा आणि "आओ रे" म्हणून हाक मारायचा. गल्लीतली सहा-सात कुत्री धावत यायची. वीस वर्षं झाली, त्यानं एकाही कुत्र्याला कधी हात लावला नव्हता. कुत्र्याची लाळ अंगाला लागली की पुन्हा सगळं धुणं आलं, नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचा वजू आला, आणि भट्टीच्या माणसाला तेवढी फुरसत कुठली? म्हणून तो लांबूनच टाकायचा आणि कुत्री लांबूनच खायची. दोन्हीकडून हा रिवाज मान्य होता. त्यातल्या त्यात लाडकी होती बुंदी, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके असलेली कुत्री. ती सगळ्यात खालच्या पायरीला नाक टेकून बसायची, पण पायरी कधी चढायची नाही.

मागच्या साली बुंदीला सहा पिल्लं झाली होती. दोन ट्रकखाली गेली, तीन थंडीत मेली, एक कुणीतरी नेलं. बुंदीची हाडं मोजून घ्यावीत अशी गत झाली. तिला पाहून चांदपाशाला घास गिळवत नव्हता. अशी पिल्लं गल्लोगल्ली होती, चावण्याच्या तक्रारीही होत्या. शेवटी गावात कुत्री पकडायचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराची गाडी आली. कायदाच तसा होता: कुत्रं मारायचं नाही, पळवायचं नाही. पकडायचं, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं, पिसाळू नये म्हणून सुई द्यायची, खूण म्हणून कानाचा छोटा तुकडा काढायचा आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं. चांदपाशाला हा कायदा मनापासून पटला. एवढ्या शहाणपणाचा कायदा माणसांसाठी कधी निघेल, असं तो गिऱ्हाइकांना हसत विचारायचा.

पटण्याला आणखी एक कारण होतं. ठेकेदारानं गावातलं काम बघायला ठेवला होता मुनीब, चांदपाशाचा सख्खा भाचा. बाप गेला तेव्हा मुनीब सात वर्षांचा होता. बहिणीनं त्याला आणून बेकरीच्या दारात उभं केलं आणि चांदपाशानं काही न विचारता आत घेतलं. शाळा, सुंता, लग्न, सगळं मामानंच केलं. आता मुनीबला हारिस नावाचा आठ वर्षांचा पोरगा होता आणि तो चांदपाशाला दादा, म्हणजे आजोबा, म्हणायचा.

गल्लीतले लोक मात्र बिथरले होते. नेलेली कुत्री परत येत नाहीत, जंगलात सोडतात, असं कुणी म्हणायचं. परत आली तर पिसाळून येतील, असंही कुणी म्हणायचं. जुम्म्याची नमाज सुटल्यावर चांदपाशानं दुकानासमोर सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं, की मी जामीन आहे. पाचव्या दिवशी कुत्री इथंच येतील, ऑपरेशन होऊन आणि सुई घेऊन येतील. मग लोक आपापल्या वाटेनं गेले.

पण कुत्री कसली वस्ताद! गाडी दिसली की वाऱ्यासारखी पसार. दोन दिवस जाळीवाले नुसते पळत राहिले. तिसऱ्या दिवशी मुनीब मामाकडं आला आणि म्हणाला, की तुम्ही हाक मारा, तुमच्याकडं येतील. चांदपाशाला ते बरं वाटलं नाही. पण भल्यासाठीच आहे, असं म्हणून त्यानं पायरीवर उभं राहून नेहमीसारखी हाक मारली. कुत्री आली आणि दोन्ही बाजूंनी जाळ्या पडल्या. बाकीची ओरडली, झटापट केली. बुंदी तेवढी जाळीत गप्प बसून त्याच्याकडं बघत होती. त्या दिवशी तो दुपारचं जेवला नाही, आणि सुनेला सांगितलं, की पोट बिघडलंय.

पाचव्या दिवशी गाडी आली आणि सहाच्या सहा कुत्री उतरली. प्रत्येकाचा डावा कान टोकाला कापलेला. चांदपाशाची छाती फुगली. त्यानं शेजाऱ्यांना हाका मारून कान दाखवले. सून मनतशा दारात उभी होती. तिचा नवरा, चांदपाशाचा मुलगा, नांदेडला नोकरीला, म्हणून ती आणि तिची सहा वर्षांची लायबा सासऱ्याजवळच असायच्या. ती हळूच म्हणाली, की अब्बा, एखादीला उलटी करून टाके तरी बघा.

चांदपाशाला ते आवडलं नाही. "मुनीबनं केलंय ते. घरच्या माणसाचं काम कुनी उलटं करून बघतं व्हय?" तो म्हणाला.

शिवाय वजू होताच. कान पायरीवरून दिसतो, पोट बघायला हात लावावा लागतो. वीस वर्षं न लावलेला हात त्यानं त्या दिवशीही लावला नाही.

पुढं दोन-अडीच महिने बरे गेले. जाळीची गोष्ट विसरून कुत्री पुन्हा यायला लागली. बुंदी जरा लांब बसायची, पण यायची. नंतर नंतर ती अंग धरायला लागली. चांदपाशानं विचारलं तेव्हा मुनीब म्हणाला, की ऑपरेशननंतर कुत्री लठ्ठ होतातच. चांदपाशानं ही माहिती प्रत्येक गिऱ्हाइकाला अशी सांगितली, जणू ऑपरेशन त्यानंच केलं होतं.

मग एका बुधवारी लायबा हातात टोस्ट घेऊन पायऱ्या उतरली आणि बुंदीला जवळ घ्यायला गेली. बुंदी गुरगुरली. पोरीला गुरगुरणं कळलं नाही. बुंदीनं तिच्या मनगटाला दात लावले. दोन खुणा उठल्या आणि रक्त आलं.

मनतशानं हात नळाखाली धरून साबणानं धुतला आणि बुरखा घालून दवाखान्याला निघाली. चांदपाशानं तिला थांबवलं. आधी मुनीबला विचारू, असं म्हणून त्यानं फोन लावला आणि तिलाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. कुठली कुत्री, ते सांगितलं. मुनीबनं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"कान कापलेला हाय न्हवं तिचा?" मुनीब म्हणाला. "मग सुई दिलेलीच हाय, मामू. पोरीला कशाला उगी टोचून राहिलात? हळद लावा, दोन दिसांत बरं होतंय."

मनतशा तरीही म्हणाली, की जाऊन आलेलं काय वाईट? चांदपाशानं मान हलवली. गल्लीला जामीन राहिलेला माणूस स्वतःच्या नातीला घेऊन दवाखान्यात धावला, तर लोक काय म्हणतील? हे तो मोठ्यानं बोलला नाही, पण मनात हेच होतं आणि हेच त्याला नंतर सगळ्यात जास्त जाळत राहिलं. मनतशानं बुरखा उतरवला, हळद लावली. दोन दिवसांत जखम खरंच सुकली.

सोमवारी सकाळी तो टोपलं घेऊन आला तेव्हा बुंदी उठली नाही. ती समोरच्या भिंतीच्या सावलीत कुशीवर पडली होती. तिचे आचळ भरले होते, आणि पोटाची कातडी आतून हलली. एकदा इथं, मग तिथं. चांदपाशा काही जनावरांचा डॉक्टर नव्हता, पण दिवस भरलेली कुत्री ओळखायला डॉक्टर लागत नाही. आधी त्याला नुसतं नवल वाटलं. ऑपरेशन झालेल्या कुत्रीला पिल्लं कशी? मग झालंच नसेल. नुसता कान कापला असेल. त्यानं टोपलं खाली ठेवलं. ऑपरेशन झालं नाही, तर सुई तरी कशावरून दिली?

त्यानं मुनीबला दोनदा फोन केला. मुनीबनं उचलला नाही. चांदपाशा भट्टी तशीच सोडून घरात गेला, लायबाला झोपेतून उचलून खांद्यावर घेतलं आणि मनतशाला चल म्हणाला. कशासाठी ते तिनं विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर तिनं पोरीच्या मनगटावरची खपली एकदा पाहिली आणि रिक्षावाल्याला जोरात चल म्हणाली.

सरकारी दवाखान्यात सुया देणाऱ्या नागुबाई सिस्टर म्हणजे पिकल्या केसांची, खणखणीत आवाजाची बाई. त्यांनी हात पाहिला, दिवस विचारला. बुधवार म्हटल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आन् आज सोमवार. पाच दिस काय हळद लावत बसला व्हय?"

चांदपाशानं खाली मान घालून सांगितलं, की कुत्रीचा कान कापलेला होता. सुई दिलेली असते, असं घरच्यानंच सांगितलं होतं.

"तुमचं घरचं मानूस येडं हाय," नागुबाई म्हणाल्या. "माझ्याकडं कापलेल्या कानाचं कुत्रं चावलेलाच एक पेशंट हाय. पोरगं. दोन हप्ते झाले. बाप त्याला घंट्याभरात घेऊन आला. म्या म्हटलं, कान कापलेला हाय म्हणता, मग त्या कुत्र्याला सुई दिली असंल की. तर म्हणला, त्या कानाचा काय भरवसा न्हाई, सिस्टर, तुम्ही टोचा. त्याला म्हणत्यात बाप."

डॉक्टरांनी येऊन जखम तपासली. जखमेभोवती एक औषध टोचावं लागेल आणि दंडात पाच सुया, असं समजावून सांगितलं. कुत्री पाच दिवसांनीही खाते-पिते आहे, हे चांगलं लक्षण आहे, पण आणखी पाच दिवस तिला नजरेआड होऊ देऊ नका आणि सुई एकही चुकवू नका, म्हणाले. लायबा मनगटात सुई गेली तेव्हा किंचाळली. चांदपाशानं तिचं डोकं पोटाशी धरलं. ती किंचाळी त्याच्यामुळं होती असं त्याला वाटत होतं, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं.

ती हुंदके देत बाकावर बसली, तोच दारातून कुणीतरी "दादा!" म्हणून ओरडलं. हारिस होता. त्याचा हात धरून मुनीब उभा होता.

"हे बघा, आलाच की माझा पेशंट," नागुबाई म्हणाल्या. "आज चौथी सुई."

हारिस धावत येऊन लायबाच्या शेजारी बसला. कुत्रं चावलं का, कुठं, दाखव, मला पिंढरीला चावलंय, तीन सुया झाल्या, लई दुखत न्हाई, असं एका दमात सांगून टाकलं. अब्बूनं कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं, हेही त्यानं सांगून टाकलं. मुनीब उंबऱ्यावरच थिजला होता.

चांदपाशा उठला आणि त्याला बाहेरच्या कडुनिंबाखाली घेऊन गेला. मारेल असं मुनीबला वाटलं असावं, कारण तो लहानपणी वळायचा तसा अर्धा वळून उभा राहिला. मग न विचारताच बोलायला लागला. डॉक्टर पहिले आठ दिवसच आला. पुढं ठेकेदार म्हणाला, नुसते कान कापा आणि सोडून या. बोललो असतो तर नोकरी गेली असती.

"कान दिसतो, मामू," तो म्हणाला. "पोट कोन बघून राहिलंय?"

"ते म्या नाही बघितलं. ती माझी चूक," चांदपाशा म्हणाला. "ते सोड. फोनचं सांग."

मुनीब चपलेनं माती उकरायला लागला.

"तुझ्या पोराला चावलं तवा तू घंट्याभरात हितं आलास. त्याला नऊ दिस झाल्यावर म्या तुला फोन केला. लायबाचं नाव घेऊन इचारलं. तू काय म्हणलास?"

मुनीबच्या डोळ्यांत पाणी आलं. "दवाखान्यात जा म्हणलो असतो तर तुम्ही का म्हणून इचारलं असतं, मामू. मग समदं भाईर आलं असतं. म्या रोज फोन करून कुत्री बरी हाय का इचारत होतो की न्हाई?"

खरंच विचारत होता. बुधवारपासून रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, बुंदी खाते का, पाणी पिते का. आणि चांदपाशा मनतशाला कौतुकानं सांगायचा, की बघ, पोरगं कामाचं किती इमानी आहे. आता त्याला कळलं, की मुनीब पाच दिवस त्याच्या नातीच्या जिवावर डाव लावून बसला होता आणि डाव कुणीकडं पडतो ते रोज विचारून घेत होता. चांदपाशाला राग यायला हवा होता, पण राग परक्याचा येतो. हा त्याच्या हातचा पाव खाऊन वाढलेला होता.

तो आत परतला तेव्हा मनतशा बाकावर बसली होती. मुनीबकडं तिनं पाहिलंही नाही, ती सासऱ्याकडं बघत होती. एकदा टाके बघा म्हणाली होती, एकदा दवाखान्यात जाऊ म्हणाली होती. यातलं एक अक्षर तिनं काढलं नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

नागुबाईंनी लायबाच्या कागदावर तारखा लिहून दिल्या. येता गुरुवार, मग सोमवार, मग त्याच्या पुढचा सोमवार. तिथं त्या थांबल्या आणि हारिसचा कागद ओढून पाहिला.

"ह्या सोमवारी हिची चौथी आन् ह्याची पाचवी. एकाच दिवशी पडलं बघा. घरचेच दिसता की तुम्ही, मग एकाच रिक्षात या."

"घरचे होतो, सिस्टर," चांदपाशा म्हणाला.

त्यानं कागद उचलून मनतशाच्या हातात दिला आणि लायबाला कडेवर घेतलं. हारिस दंड पुढं करून सुईची वाट बघत होता. दादा, थांबा की, माझं आत्ता होतंय, मी पण बेकरीत येतो, असं तो म्हणाला. चांदपाशानं ते ऐकलं आणि मागं न बघता पायऱ्या उतरून तो रिक्षाकडं गेला.